वाचकांचे प्रश्न : फ्रेंच कागदपत्रे आणि त्यांची ठरलेली वाक्ये

भाषाविषयक पत्रांपैकी फ्रान्समधील अर्ज, दाखले आणि सरकारी पत्रव्यवहार यांसंबंधीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत साधारण जवळ जातील असे दिले आहेत. प्रत्यक्ष अर्जात रोमन लिपीतील वर्तनीच लागते आणि ती ऐकीव माहितीवर न लिहिता, फ्रेंच शासनाच्या ‘सर्व्हिस-प्युब्लिक’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणाऱ्या नमुना पत्रांतून जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

प्रश्न : मी पुण्यात फ्रेंच शिकले असून बी-१ पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. पुढील शिक्षणासाठी ल्यॉंला जायचे आहे. वसतिगृहाचा अर्ज हाती आला तेव्हा लक्षात आले, की वर्गात शिकलेले त्यात जवळजवळ काहीच नाही. अर्जातले नेमके कोणते शब्द आधी पाठ करावेत?
— एक वाचिका, पुणे

वर्गात आपण वाक्ये शिकतो आणि अर्जात वाक्ये नसतातच, त्यामुळे आपला गोंधळ स्वाभाविक आहे. अर्जाची फ्रेंच म्हणजे नामे, आज्ञा आणि संक्षेप यांची भाषा असते, आणि तिचा संग्रह इतका मर्यादित असतो, की तीसेक शब्द ओळखीचे झाले की बहुतेक अर्ज वाचता येतात.

सुरुवात नावापासून करू. ‘नों’ म्हणजे आडनाव आणि ‘प्रेनों’ म्हणजे स्वतःचे नाव. ‘नों’ या शब्दाचा ‘नाव’ असा सरळ अर्थ घेऊन तेथे स्वतःचे नाव लिहिणारे पुष्कळ असतात, आणि मग पुढची सगळी पत्रे उलट्या नावाने येत राहतात. आपल्या पारपत्रात दोनच रकाने असतात आणि वडिलांचे नाव बहुधा आपल्या नावापुढे त्याच रकान्यात छापलेले असते. तसे असेल तर ‘प्रेनों’च्या चौकटीत ती दोन्ही नावे त्याच क्रमाने उतरवावीत. फ्रान्समध्ये एका व्यक्तीला दोन-तीन ‘प्रेनों’ असणे नित्याचे असल्यामुळे आपले दुसरे नाव ‘वसंत’ किंवा ‘दत्तात्रय’ आहे असे तेथील कार्यालय खुशाल समजते. त्याबद्दल कोणी विचारल्याशिवाय खुलासा करत बसू नये, कारण पारपत्राशी अक्षरशः जुळणे याला इतर कशाहीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

‘ने ल’ आणि ‘आ’ यांच्या मधल्या जागांत जन्मतारीख व जन्मगाव येते. गावाच्या नावापुढे देश लिहावा, म्हणजे ‘सातारा, अँद’. तारखेच्या चौकटीखाली जी जे-जे, एम-एम, ए-ए-ए-ए अशी अक्षरे असतात, ती ‘झूर’ (दिवस), ‘म्वा’ (महिना) आणि ‘आने’ (वर्ष) यांची आद्याक्षरे होत. क्रम आपल्यासारखाच आहे, हे एक सुख. ‘सित्युआसियों फामिलियाल’ या मथळ्याखाली ‘सेलिबातेर’ म्हणजे अविवाहित, ‘मारिये’ म्हणजे विवाहित. तेथेच ‘पाक्से’ हा शब्दही दिसेल. १९९९ पासून फ्रान्समध्ये विवाहाखेरीज नोंदणीकृत सहजीवनाचा जो करार करता येतो, त्याने बांधलेल्या व्यक्तींसाठी तो आहे.

आज्ञांपैकी ‘कोशे ला काझ’ म्हणजे चौकटीत खूण करा, ‘आँ लेत्र कापिताल’ म्हणजे मोठ्या अक्षरांत लिहा. ‘रेये ले मांसियों इन्यूतील’ म्हणजे लागू नसलेले खोडा. आपल्याकडच्या अर्जांतही ‘जे लागू नसेल ते खोडावे’ असे असतेच, मात्र फ्रेंच अर्जात बरोबर पर्यायाला गोल करून भागत नाही, नको असलेल्यावर रेघच मारावी लागते. शेवटी ‘फे आ …, ल …’ असे छापलेले असते. त्यात आधी आपण सही करतो ते गाव व मग तारीख लिहायची. काही अर्जांवर सहीच्या वर ‘ल्यू ए आप्रूव्हे’, म्हणजे ‘वाचले व मान्य आहे’, हे शब्द स्वहस्ते लिहायला सांगतात. भाडेकरारांत तर ही प्रथा घट्ट रुजलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने या तीन शब्दांना फारसे स्वतंत्र वजन नाही, पण मागितले असतील तर लिहून मोकळे व्हावे.

हाताने अर्ज भरणार असाल तर आकड्यांकडे लक्ष द्यावे. फ्रेंच माणूस १ या आकड्याला डोक्यावर लांब तिरकी रेघ देतो आणि त्यामुळे त्याचा १ आपल्याला ७ सारखा दिसतो. त्याचा ७ मध्यावर आडव्या रेघेने छेदलेला असतो. आपण छेद न देता काढलेला ७ तेथील कारकून १ म्हणून वाचू शकतो आणि १७ जुलैची ११ जानेवारी होऊ शकते. निदान अर्जापुरता तरी ७ ला छेद द्यावा.

प्रश्न : लग्नानंतर माझे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. पारपत्र सासरच्या नावाने आहे, जन्मदाखला माहेरच्या. पती तुलुझला नोकरीस आहेत आणि तेथील अर्जात ‘नों द नेसाँस’ व ‘नों द्यूझाझ’ अशा दोन चौकटी आहेत. कोठे काय लिहावे?
— एक वाचिका, नाशिक

आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मराठी घरांतील नावबदलाची रीत आणि फ्रेंच प्रशासनाची नावाविषयीची कल्पना येथे समोरासमोर येतात.

फ्रान्समध्ये १७९४ साली, क्रांतीच्या काळात, असा कायदा झाला, की कोणत्याही नागरिकाला जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरे नाव धारण करता येणार नाही. त्या कायद्याची छाया आजच्या अर्जांवरही आहे. विवाहाने तेथे स्त्रीचे नाव बदलत नाही. तिला पतीचे आडनाव वापरण्याची केवळ मुभा मिळते आणि त्या वापरातल्या नावाला ‘नों द्यूझाझ’ म्हणतात. जन्माचे आडनाव, म्हणजे ‘नों द नेसाँस’, आयुष्यभर तेच राहते, आणि फ्रेंच कार्यालये माणसाला त्याच नावाने शोधतात. जुन्या अर्जांवर याऐवजी ‘नों द झन फीय’, म्हणजे कुमारिकेचे नाव, असे शब्द आढळतील. २१ फेब्रुवारी २०१२ च्या पंतप्रधानांच्या परिपत्रकाने ते शब्द आणि त्यांच्याबरोबर ‘मादम्वाझेल’ हे संबोधनही सरकारी अर्जांतून काढण्यात आले. आपण ‘मादाम’च लिहावे.

तेव्हा ‘नों द नेसाँस’मध्ये माहेरचे आडनाव आणि ‘नों द्यूझाझ’मध्ये सासरचे. दोन्ही चौकटींत सासरचे आडनाव लिहू नये. आज काम होऊन गेले तरी आरोग्यविम्याच्या कार्यालयात जन्मदाखला दाखल करण्याची वेळ आली, की दोन वेगळ्या व्यक्तींचे कागद एकत्र आल्याचा आक्षेप निघतो आणि मग त्याचा निपटारा होण्यास महिने लागतात.

आडनावाची सोय अशी चौकटीत बसते, पण बदललेल्या पहिल्या नावासाठी फ्रेंच अर्जात चौकटच नाही. लग्नात नाव बदलण्याची कल्पना तेथील कारकुनाला अपरिचित असल्यामुळे तोंडी स्पष्टीकरणाने भागत नाही, दोन नावांना जोडणारा कागद लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाची महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध झालेली सूचना हे दोन्ही असावेत. राजपत्रातील सूचना प्रसिद्ध केली नसेल तर निघण्यापूर्वीच करून घ्यावी. या कागदांसोबत पुढील आशयाचे निवेदन जोडावे : ‘झ सुसिन्ये … सेर्तिफी स्यूर लोनर क … ए … देझिन्य त्युन सल ए मेम पेर्सॉन’, म्हणजे ‘खाली सही करणारी मी प्रतिज्ञापूर्वक नमूद करते, की अमुक आणि अमुक ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.’ रिकाम्या जागी पूर्ण नावे जन्मदाखल्यात व पारपत्रात आहेत त्याच वर्तनीत घालावीत. ‘सुसिन्ये’ लिहिताना स्त्रीने शेवटी एक ‘ई’ अधिक लावायचा असतो, पुरुषाने नाही. उच्चारात मात्र फरक पडत नाही.

जन्मदाखल्याबाबत आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रातील बऱ्याच जुन्या दाखल्यांत आई-वडिलांची नावे असतात आणि बाळाच्या नावाची जागा कोरी असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ अन्वये ते नाव नंतर दाखल करून घेता येते. फ्रान्समध्ये असा कोरा दाखला निरुपयोगी ठरतो, म्हणून हे काम नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत आधीच उरकावे. दुसरे असे, की दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात खरा मानला जावा यासाठीचे प्रमाणपत्र, घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिलसंबंधीच्या हेग कराराचा सदस्य आहे आणि राज्यस्तरावरील प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालय ते देते. भाषांतर त्यानंतर करावे, म्हणजे अपोस्टिलच्या मजकुराचेही भाषांतर होते. हे भाषांतर ‘त्रादुक्तर आसेरमाँते’ने, म्हणजे शपथबद्ध अनुवादकाने, केलेले असावे लागते. फ्रान्समधील अपील न्यायालये अशा अनुवादकांच्या याद्या प्रसिद्ध करतात.

प्रश्न : फ्रान्सला नेण्याच्या सर्व झेरॉक्स प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घेऊन ठेवू का?
— एक वाचक, कोल्हापूर

नको. फ्रेंच प्रशासनाने आपल्याच कार्यालयांसाठी प्रती साक्षांकित करण्याची पद्धत ऑक्टोबर २००१ च्या आदेशाने बंद केली. अर्जात ‘फोतोकोपी’ असा शब्द असेल तर साधी, वाचता येईल अशी प्रत पुरते, ‘ओरिजिनाल’ असे असेल तर मूळ कागद दाखवायचा असतो. मूळ कागद पोस्टाने कधीही पाठवू नये.

प्रश्न : मुलगा पॅरिसजवळ एका मित्राच्या घरी राहतो. बँक राहत्या पत्त्याचा पुरावा मागते, घर भाड्याने देणारे बँकेचा ‘रिब’ मागतात. भाडेपावती नाही, वीजबिल मित्राच्या नावावर. यातून मार्ग कसा काढावा?
— एक वाचक, ठाणे

‘झ्युस्तिफिकातिफ द दोमिसिल’, म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा, हा फ्रान्समधील सर्व व्यवहारांचा पहिला उंबरठा आहे. वीज, गॅस वा इंटरनेटचे बिल (‘फाक्त्यूर’) किंवा भाडेपावती (‘कितांस द ल्वाये’) सामान्यतः चालते, आणि ती बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या आतली लागते. भाडेपावतीबद्दल एक उपयुक्त माहिती अशी, की १९८९ च्या भाडेविषयक कायद्यानुसार भाडेकरूने मागितल्यास घरमालकाने ती विनामूल्य दिली पाहिजे.

दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्यासाठी ‘आतेस्तासियों देबेर्झमाँ’ हा कागद असतो. तो ज्याच्या घरी राहतो त्याने, म्हणजे मित्राने, लिहायचा आहे, आपल्या मुलाने नव्हे. त्यातील वाक्य ठरलेले आहे : ‘झ सुसिन्ये (मित्राचे नाव), ने ल (तारीख) आ (गाव), सेर्तिफी स्यूर लोनर एबेर्झे आ मों दोमिसिल (मुलाचे नाव) दप्वी ल (तारीख)’. अर्थ असा, की ‘खाली सही करणारा मी, अमुक तारखेपासून अमुक व्यक्तीला माझ्या घरी राहण्यास जागा दिली आहे असे प्रतिज्ञापूर्वक नमूद करतो.’ खाली गाव, तारीख, सही. सोबत मित्राच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या नावावरील वीजबिल जोडायचे, म्हणजे एकूण तीन कागद. यांपैकी एक कमी असला तरी बँक परत पाठवते.

‘स्यूर लोनर’ हे शब्द दिसायला शोभेचे वाटतात, परंतु अशा निवेदनात खोटे लिहिल्यास फ्रेंच दंडसंहितेच्या कलम ४४१-७ नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात न राहणाऱ्यासाठी ‘मित्र म्हणून’ असे पत्र देण्याचा आग्रह कोणी धरू नये.

‘रिब’ म्हणजे खात्याचा तपशील असलेला एक छापील कागद. खाते उघडले की तो लगेच मिळतो. बँकेने खातेच नाकारले तर ‘आतेस्तासियों द रफ्यू’, म्हणजे नकाराचे लेखी पत्र, मागावे. त्या पत्राच्या आधारे ‘बाँक द फ्राँस’कडे ‘द्र्वा ओ कोंत’, म्हणजे खात्याचा हक्क, मागता येतो आणि मग ती एखाद्या बँकेला खाते उघडण्यास सांगते.

प्रश्न : निवासपरवान्याच्या नूतनीकरणासाठी अर्ज केला होता. त्यावर ‘दोसिए अँकोंप्ले’ असे पत्र आले आहे. उत्तरात काय लिहू आणि कार्यालयात जावे लागले तर काय बोलू?
— एक वाचक, ग्रेनोब्ल, फ्रान्स

‘दोसिए अँकोंप्ले’ म्हणजे अर्ज अपूर्ण, तो नामंजूर झालेला नाही. पत्रात ‘पियेस मांकांत’ या शब्दांखाली कोणते कागद राहिले आहेत ते दिलेले असते, आणि बहुधा मुदतही. आधी ती मुदत अधोरेखित करावी.

उत्तर चार ओळींचे असावे. वरच्या बाजूस ‘ओब्झे’ म्हणजे विषय आणि त्याच ओळीत आपला अर्जक्रमांक. मग ‘मादाम, मस्य’ हे संबोधन. त्यानंतर ‘स्वीत आ व्होत्र कुरिये द्यू (तारीख), व्हये त्रुव्हे सी-झ्वँ ले पियेस दमांदे’, म्हणजे ‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून मागितलेले कागद सोबत जोडले आहेत’. शेवटी ‘झ व्हू प्री दाग्रेये, मादाम, मस्य, लेक्सप्रेसियों द मे साल्यूतासियों दिस्तँगे’. हा समारोप वाचून संकोच वाटेल, पण तो आपल्या ‘कळावे, आपला विश्वासू’ इतकाच यांत्रिक आहे. त्यात बदल करून अधिक नम्र होण्याचा प्रयत्न करू नये. परदेशात राहण्याची कारणे, घरची परिस्थिती, कार्यालयाविषयीची नाराजी यांपैकी काहीही या पत्रात नको. खाली ‘पियेस झ्वँत’ असे लिहून जोडलेल्या कागदांची नावे द्यावीत.

ऑनलाइन खात्यातून पाठवायचे असेल तर पाठवल्याची नोंद दाखवणारे पान जतन करावे. पोस्टाने पाठवायचे असेल तर ‘लेत्र रकोमांदे आवेक आक्यूझे द रेसेप्सियों’ने पाठवावे. आपल्याकडे २०२५ पर्यंत असलेले रजिस्टर ए.डी. म्हणजे हेच.

कार्यालयात गेल्यावर पहिला शब्द ‘बोंझूर’ असावा. हे शिष्टाचाराचे पाल्हाळ नव्हे. फ्रान्समध्ये ‘बोंझूर’ न म्हणता थेट काम सांगणे उर्मटपणाचे समजले जाते आणि खिडकीपलीकडच्या व्यक्तीचा सूर तेथेच बदलतो. मग ‘झे रांदेव्हू आ दिझर’ (माझी दहाची वेळ ठरली आहे), ‘झ व्हिएँ देपोझे मों दोसिए’ (मी कागदपत्रे दाखल करण्यास आलो आहे). काही नाकारले गेले तर वाद घालण्याऐवजी ‘केल पियेस मांक-त-इल?’ (कोणता कागद कमी आहे?) असे विचारावे, आणि उत्तर कळले नाही तर ‘पुर्रिए-व्हू म लेक्रीर, सिल व्हू प्ले?’ (कृपया लिहून द्याल का?). हे शेवटचे वाक्य आजच पाठ करावे. निघताना ‘रेसेपिसे’ किंवा ‘आतेस्तासियों द देपो’, म्हणजे दाखल केल्याची पोच, मागितल्याशिवाय खिडकी सोडू नये.

मुदतीसंबंधी थोडे कठोर सांगणे भाग आहे. नूतनीकरणाचा अर्ज परवाना संपण्यापूर्वीच्या चौथ्या ते दुसऱ्या महिन्यादरम्यान करायचा असतो. निवासपरवान्याच्या अर्जावर चार महिने काहीच उत्तर आले नाही तर कायद्याने ते मौन नकार समजले जाते, आणि नकाराविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुदत सामान्यतः दोन महिन्यांची असते. ‘उत्तर नाही म्हणजे काम चालू आहे’ या समजात अनेकांची ती मुदत निघून जाते. पत्रे स्वतः लिहिणे जड जात असेल तर गावोगावी असलेल्या ‘फ्राँस सेर्व्हिस’ केंद्रांत अर्ज भरण्यास विनामूल्य मदत मिळते. अनेक नगरपालिकांत ‘एक्रिव्हँ प्युब्लिक’, म्हणजे लोकांची पत्रे लिहून देणारा, ठरावीक दिवशी बसतो. कार्यालय दादच देत नसेल तर ‘देफांसर दे द्र्वा’, म्हणजे हक्करक्षक, या घटनात्मक संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीला भेटावे. त्यालाही पैसे द्यावे लागत नाहीत.

प्रश्न : आरोग्यविम्याचा लांबलचक क्रमांक आला आहे. तो बरोबर आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचिका, पॅरिस

या क्रमांकात १५ आकडे असतात. पहिला आकडा पुरुषासाठी १ व स्त्रीसाठी २. पुढचे दोन जन्मवर्षाचे, त्यापुढचे दोन जन्ममहिन्याचे. त्यानंतर फ्रान्समध्ये जन्मलेल्यांना जिल्ह्याचा क्रमांक येतो, परदेशात जन्मलेल्यांना ९९, आणि भारतासाठी त्यापुढे २२३. मग नोंदीचे तीन आकडे आणि शेवटी पडताळणीचे दोन. म्हणजे जून १९९४ मध्ये सांगलीत जन्मलेल्या स्त्रीचा क्रमांक २ ९४ ०६ ९९ २२३ असा सुरू झाला पाहिजे. जन्मदाखल्याची तपासणी होईपर्यंत तात्पुरता क्रमांक दिला जातो आणि त्याची रचना वेगळी असू शकते. कायमच्या क्रमांकात महिना वा वर्ष चुकलेले दिसल्यास ‘इल या युन एरर दाँ मा दात द नेसाँस’ (माझ्या जन्मतारखेत चूक आहे) असे लिहून दाखल्याची प्रत जोडावी.

प्रश्न : आम्ही माँट्रियलला आहोत. फ्रान्ससाठी सांगितलेले हे शब्द क्वेबेकमध्ये चालतील का?
— एक वाचक, माँट्रियल

अर्जातील बहुतेक शब्द तेच आहेत, परंतु तीन फरक लक्षात ठेवावेत. क्वेबेकमधील अर्जांत तारीख बहुधा वर्ष, महिना, दिवस या उलट क्रमाने मागतात, तेव्हा चौकटीखालची अक्षरे वाचल्याशिवाय आकडा लिहू नये. तेथे ‘नास’ म्हणजे नऊ आकडी सामाजिक विमा क्रमांक. तो कॅनडाचे केंद्र सरकार देते आणि आरोग्यविम्याचे कार्ड प्रांताकडून वेगळे मिळते, त्याला लोक बोलण्यात ‘कार्त सोलेय’ म्हणतात. आणि १९८१ पासून क्वेबेकच्या कायद्यानुसार विवाहानंतरही पती-पत्नी आपापल्या जन्माच्या नावानेच नागरी हक्क बजावतात. त्यामुळे तेथे लग्न करणाऱ्या मराठी मुलीला केवळ विवाहाच्या आधारे पतीचे आडनाव अधिकृतपणे लावता येत नाही, मग घरच्यांचा आग्रह कितीही असो.